रात्रपाळी, तंबाखूची डबी आणि डायनॉर्फिन

खाडीकाठचा (ठाणे)

सोसायटीच्या ग्रुपवर 'डोपामिन डिटॉक्स'चा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. दोन दिवस मोबाइल बंद, गोड बंद, मालिका बंद, की मेंदू कोरा करकरीत. आमच्या घोडबंदर रोडच्या ग्रुपात त्यावर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. ऐरोलीतल्या एका कंपनीसाठी औषधांवरचे शोधनिबंध वाचून त्यांचे सारांश लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हात शिवशिवत होते. ग्रुपवर लिहिलं असतं तर अ‍ॅडमिनने मेंटेनन्सची आठवण करून दिली असती, म्हणून इथे धागा काढतोय.

माझं म्हणणं एका वाक्यात असं, की सुटलेलं व्यसन परत लागतं ते बहुतेकदा मजा हवी म्हणून लागत नाही, जीवाला बरं वाटत नाही म्हणून लागतं. आणि हे 'बरं न वाटणं' घडवणारी मेंदूतली यंत्रणा ताण, नशा उतरणं आणि अंगातला दाह (इन्फ्लमेशन) या तिन्हींसाठी बरीचशी सामायिक आहे. डोपामिन हे मेंदूतलं रसायन त्यात आहेच, पण फॉरवर्डवाल्यांना वाटतं तसं नाही.

उदाहरण घरचंच. मामेभाऊ रबाळ्याला एमआयडीसीत, फिरती पाळी. तंबाखू सोडली होती, गणपतीपासून दिवाळीपर्यंत उत्तम चाललं. मग प्लँटला ऑडिट लागलं, सलग रात्रपाळ्या आल्या आणि गडी पुन्हा तळहातावर अंगठा घासायला लागला. त्याचं मळणं बघण्यासारखं असतं. डबीच्या एका तोंडातून चिमूटभर पत्ती, दुसऱ्यातून नखावर चुना, अंगठ्याने गोल गोल, मग दोन थापट्या मारून धूळ उडवायची आणि चिमूट खालच्या ओठात. गंमत अशी, की त्याचा चेहरा सैल होतो तो थापट्या मारतानाच. पत्ती अजून हातातच असते.

यात गूढ काही नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. आधी रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात बोलायच्या. मग रसाच्या आधी दिवा लागतो हे माकड शिकलं, तसं पेशी दिव्यालाच बोलायला लागल्या आणि रस आला तरी गप्प. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचा नेहमीचा आवाजही पडायचा. डायन आणि माँटेग्यू यांच्याबरोबर १९९७ मध्ये त्यांनी याची मांडणी केली. डोपामिन सांगतं ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक. केंट बेरिज यांचं म्हणणं त्याला जोडून घ्या: हवंहवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली फुगत जाते, दुसरी तिथेच राहते किंवा आटते. जुन्या दारुड्याला विचारा, चव लागते का म्हणून.

आता ताण. आपल्याला कॉर्टिसॉल हे ताणाचं हॉर्मोन तोंडपाठ असतं. हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ नावाचं पेप्टाइड, त्याने पिट्युटरी जागी होते, तिच्यामुळे मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, आणि मग कॉर्टिसॉल. सीआरएफची रचना वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये मांडली, ४१ अमिनो आम्लांची साखळी. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की सीआरएफ मेंदूतल्या अमिग्डालासारख्या, भीतीशी जोडलेल्या भागांतही तयार होतं आणि तिथे त्याचं कॉर्टिसॉलशी देणंघेणं नसतं. तिथे ते थेट मेंदूच्याच पेशींना ढोसतं. त्यातून सुटणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे डायनॉर्फिन.

डायनॉर्फिन हे एंडॉर्फिनचं भावंड, दोघंही शरीरातले अफूसदृश पदार्थ. स्वभाव मात्र उलटा. एंडॉर्फिन ज्या म्यू ग्राहीवर (ग्राही म्हणजे पेशीवरची रसायन बसायची जागा, रिसेप्टर) बसतं तिथे मॉर्फिनही बसतं आणि सुख वाटतं. डायनॉर्फिन कापा ग्राहीवर बसतं, डोपामिनचं सुटणं दाबतं आणि अस्वस्थ, खिन्न, अंगावर येणारं असं काहीतरी वाटतं. सिॲटलला चार्ल्स चावकिन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना ताण देताना एक विशिष्ट वास दिला. नंतर उंदीर त्या वासापासून दूर पळत. ज्या उंदरांना डायनॉर्फिनच नव्हतं, किंवा ज्यांची कापा ग्राही औषधाने बंद केली होती, त्यांना त्या वासाचं काही वाटेना. २००८ चं काम आहे. त्याआधी त्याच प्रयोगशाळेत दिसलं होतं, की पोहायला लावून दमवलेल्या उंदरांना कोकेनची ओढ जास्त लागते, आणि डायनॉर्फिन नसेल तर ती वाढ दिसत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. नशा रोजची झाली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी डायनॉर्फिनची निर्मितीच वाढवतो. नशा उतरते, डायनॉर्फिन राहतं. मग नेहमीची पातळीच खाली सरकते. अशा माणसावर ऑडिट येऊन पडलं तर काय होणार?

दाहाबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा कोणी वाचणार नाही.

---

नौपाड्याचा_नाना

लेख छान, पण शेवटी इच्छाशक्ती हीच खरी. आमच्या वडिलांनी विडी एका दिवसात सोडली, सीआरएफ-बीआरएफ काही न ऐकता. हल्ली सगळ्याला 'केमिकल' कारणं द्यायची पद्धत पडली आहे. उद्या ऑफिसला उशीर झाला तरी डायनॉर्फिन वाढलं म्हणतील.

---

औषधवाली (वाशी)

नाना, एका दिवसात सोडणारे असतातच, आमच्या मेडिकलमध्ये ते येत नाहीत एवढंच. येतात ते पाचव्यांदा सोडणारे.

काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य: "टेन्शन आहे हो, एवढं संपलं की सोडतो." यात एक चकवा आहे. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे दिवसातून अनेकदा माणूस थोडा थोडा उतरत असतो. चिडचिड, लक्ष न लागणं, हाताला चाळा. त्यावर एक सिगारेट ओढली की हे जातं आणि तो म्हणतो सिगारेटने टेन्शन गेलं. सावकाराने दिलेल्या पैशांतून त्याचंच व्याज फेडून 'सावकार देवमाणूस आहे' म्हणण्यातला प्रकार. २०१४ मध्ये बीएमजे या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं: सोडलेल्या लोकांत चिंता, खिन्नता आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेला आढळला. ज्यांना आधीच मानसिक आजार होता त्यांच्यातही.

पहिले काही आठवडे मात्र वाईट जातात, हे गिऱ्हाइकाला न सांगता पाठवणं म्हणजे फसवणूक.

---

शंकासुर

उंदीर, उंदीर आणि उंदीर. खाडीकाठचा, तुम्ही हे व्यवसायाने वाचता, मग पुढचंही सांगा ना. सीआरएफची ग्राही बंद करणारी औषधं दारूच्या व्यसनावर माणसांत तपासली गेली, पेक्सासेरफाँट, वेरुसेरफाँट. उंदरांत कमाल, माणसांत तलफ जैसे थे. कापा ग्राही बंद करणाऱ्या अ‍ॅटिकाप्रंटची नैराश्यावरची मोठी चाचणी कंपनीने २०२५ च्या मार्चमध्ये परिणाम पुरेसा नाही म्हणून गुंडाळली. यंत्रणा इतकी पक्की असेल तर गोळी का चालत नाही?

---

खाडीकाठचा

@शंकासुर, दोन्ही दाखले बरोबर. गोळी का चालली नाही याची माझी कारणं, पटतील तेवढी घ्या.

एक तर प्रयोगातला ताण आणि माणसाचा ताण यांत फरक आहे. उंदराला थंड पाण्यात सोडलं, काढलं, संपलं. माणसाचा ईएमआय चालू असतो. दुसरं, या चाचण्यांत 'नैराश्य' किंवा 'दारूचं व्यसन' या एका नावाखाली सगळे भरती होतात. कोणाचं व्यसन मजेपोटी, कोणाचं भीतीपोटी, कोणाचं संगतीने. ज्याच्या मेंदूत ही यंत्रणा जोरात आहे त्यालाच निवडून औषध दिलं तर काय, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. असं निवडून पाहिल्यावर काय होतं याचं एक उदाहरण दाहाच्या संशोधनात आहे, खाली येतो.

पण यंत्रणा दिसली म्हणजे औषध हाती आलं, असं मी म्हणणार नाही. ती घाई कंपन्या करतात. आणि फॉरवर्डवाले.

@नाना, वडिलांना सलाम. इच्छाशक्ती म्हणतो ते काम बरंचसं कपाळामागच्या भागाचं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. एमी आर्नस्टन यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलंय, की अनावर ताणात नॉरएपिनेफ्रिन हे ताणाचं रसायन आणि डोपामिन त्या भागात इतकं वाढतं की त्याचं काम तात्पुरतं ढेपाळतं आणि सूत्रं जुन्या सवयींकडे जातात. म्हणजे इच्छाशक्ती लागते नेमकी तेव्हाच ती रजेवर असते.

---

पामबीच_पायी (नेरूळ)

दाहाचं लवकर लिहा. मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सांध्यांचा जुनाट दाह. सांध्यांचं दुखणं सांगता येतं, डॉक्टर दाबून बघतात, आकडा लिहितात. पण सकाळी उठल्यावर जे होतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं? चहा समोर असतो आणि कप उचलावासा वाटत नाही. बोटं दुखतात म्हणून नव्हे. नकोच वाटतं. मुलगी म्हणते, आई तू चिडलीयेस का. चिडलेली नसते मी, तिथे नसतेच. सासूबाईंच्या मते आळस. पूर्वी मी पाम बीच रोडला रोज चालायला जायचे, म्हणून हे नाव. आता नावच चालतं.

---

खाडीकाठचा

@पामबीच_पायी, हा आळस नाही, आणि सासूबाईंना दाखवायला माझ्याकडे बरंच काही आहे.

ताप आला की भूक जाते, कोणाशी बोलू नये वाटतं, अंथरुणात पडून राहावंसं वाटतं. हे जंतू करत नाहीत, आपला मेंदू करतो. प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे निरोप सोडतात. ते मेंदूला रक्तातून कळतात आणि पोट-छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्गेही कळतात. रॉबर्ट डँत्झर आणि इतरांनी हे आजारपणाचं वर्तन तपशीलवार मांडलं. चार दिवसांच्या तापात ते शहाणपणाचं असतं, ऊर्जा लढाईला राहते. दाह वर्षानुवर्षं राहिला तर तोच निरोप रोज सकाळी येत राहतो.

माणसांतला सर्वांत ठळक पुरावा हिपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारातून आला. इंटरफेरॉन अल्फा या प्रतिकारशक्तीच्याच एका निरोपाची इंजेक्शनं घेताना कित्येक रुग्णांना खरंखुरं नैराश्य यायचं, आधी कधी नसलेल्यांनाही. त्यांच्या मेंदूत बक्षिसाला प्रतिसाद देणाऱ्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. तुमचा चहाचा कप तो हाच.

आणि आर्थ्रायटिसमध्येच २०११ मध्ये एक सुंदर निरीक्षण झालं. टीएनएफ अडवणारं औषध दिल्यावर २४ तासांच्या आत मेंदूतला वेदनेचा प्रतिसाद उतरला होता. सांध्यांची सूज तेव्हा अजून तशीच होती.

आता शंकासुरांना कबूल केलेलं. २०१३ मध्ये रेझन आणि मिलर यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी औषध तपासलं. सगळ्यांचा निकाल एकत्र पाहिला तर फरक शून्य. पण ज्यांच्या रक्तात सीआरपी म्हणजे दाहाचा निर्देशांक लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात फायदा दिसला. ज्यांच्यात कमी होता त्यांना खोटं औषधच (प्लासिबो) जास्त मानवलं. एकच चाचणी आहे, छोटी आहे, म्हणून नाचायचं नाही. पण सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की काय हरवतं ते दिसतं.

तीन टोकांची गाठ कुठे, तर मला २०१९ चा एक प्रयोग फार आवडतो. उंदरांच्या पंजात दाह निर्माण केला. ते साखरेसाठी कळ दाबायचे, ती मेहनत कमी झाली. न्यूक्लिअस अक्युम्बन्स म्हणजे बक्षिसाच्या केंद्रात पाहिलं तर तिथे डायनॉर्फिनची यंत्रणा कामाला लागलेली. फक्त त्या जागेतली कापा ग्राही बंद केली, पंजाला हातही लावला नाही, आणि उंदीर पुन्हा कळ दाबायला लागला. ताणात सुटणारं, नशा उतरताना उरणारं डायनॉर्फिन इथेही हजर.

पेशीच्या आतही एक धागा जुळतो. पी३८ नावाचं एन्झाइम दाहाच्या निरोपांना प्रतिसाद देतं म्हणून प्रतिकारशक्तीवाल्यांना आधीपासून ओळखीचं. कापा ग्राहीवर डायनॉर्फिन बसल्यावरही तेच जागं होतं, आणि सेरोटोनिन पेशींतून ते काढून टाकलं तर ताणाची ती नकोशी जाणीव उंदरांना होत नाही असं दिसलं.

---

प्राणायामी

म्हणूनच आपले पूर्वज दीर्घश्वसन सांगत. त्याने व्हेगस जागृत होते आणि सर्व दाह शांत होतो. रोज उपवन तलावाकाठी पहाटे या, मोफत शिकवतो.

---

शंकासुर

आता हे राहिलंच होतं.

---

खाडीकाठचा

@प्राणायामी, उपवनला येतो, हवा चांगली असते. मिनिटाला साधारण सहा श्वास इतकं संथ केलं की हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार वाढतो आणि त्यात व्हेगसचा हात असतो, हे पक्कं. 'सर्व दाह शांत' ही मात्र उडी झाली.

व्हेगस आणि दाहाचं नातं खरं आहे, पण नाजूक आहे. केव्हिन ट्रेसी यांनी २००० च्या आसपास दाखवलं, की उंदरांत व्हेगसला विजेने चेतवलं तर टीएनएफ कमी तयार होतं. २०२४ मध्ये चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने त्याहून पुढचं दाखवलं. मेंदूच्या देठात काही पेशी दाह किती वाढू द्यायचा याचा काटा सांभाळतात. त्या बंद केल्या तर दाह हाताबाहेर जातो, चेतवल्या तर दबतो. व्हेगसमध्ये दाह वाढल्याची खबर देणारे तंतू वेगळे आणि तो आवरणारे निरोप वाहणारे वेगळे. संथ श्वासाने यातले नेमके कोणते तंतू बोलतात हे कोणी दाखवेल, त्या दिवशी धागा मीच काढीन.

---

कोपरीकर

आमची आजी मिशरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, मग चुरून डबीत. घरभर ठसका. सकाळी मिशरी लावल्याशिवाय तिच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती, आणि ती स्वतःला व्यसनी अजिबात समजायची नाही. दात घासते म्हणायची. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं आलं होतं. आजीसारख्या बायकांनी विचारणाऱ्याला काय उत्तर दिलं असेल देव जाणे.

अवांतर: गुटखाबंदी २०१२ पासून आहे. स्टेशनाबाहेरच्या रंगलेल्या भिंती बघून कोणाला पटेल?

---

गणिताची_मॅडम (खारघर)

भारतात यावर काही होतं का, की सगळं सिॲटल आणि न्यूयॉर्क?

---

खाडीकाठचा

होतं, आणि पहिल्या दर्जाचं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांना रोज दोन तास, दहा दिवस जखडून ठेवलं. स्मृतीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, हे इतरांनाही दिसलं होतं. पण भीतीशी जोडलेल्या अमिग्डालात फांद्या उलट वाढल्या. त्यानंतर २१ दिवस उंदरांना आरामात ठेवलं. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला वाढलेलाच राहिला. आणखी एका प्रयोगात ताण फक्त एकदाच दिला, दोन तास. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात खास काही नाही. दहाव्या दिवशी पेशींच्या फांद्यांवर नवे काटे फुटलेले, उंदीर जास्त घाबरट.

आपल्या कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन आणि लहानपणीच्या ताणावर काम करतो. सेरोटोनिन चेतापेशींत मायटोकाँड्रियाची, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या घटकांची, संख्या वाढवतं आणि ताणात त्यांना तग धरायला मदत करतं, हे त्यांचं २०१९ चं काम.

---

गणिताची_मॅडम

दहाव्या दिवशी? म्हणजे बारावीचं वर्ष संपल्यावर मुलं आजारी पडतात, रडतात, त्यात हे असेल का? पालक म्हणतात आता कसलं टेन्शन.

---

खाडीकाठचा

उंदराच्या दहा दिवसांचे माणसाचे किती, याचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून थेट होय म्हणणार नाही. पण 'ताण संपला की परिणाम संपला' असं गृहीत धरायला आधार नाही, इतकं पालकांना बिनधास्त सांगा.

---

नौपाड्याचा_नाना

बरं, मग जागा बदलली की काय होतं? आमचे एक शेजारी कोकणात गेले की महिनाभर सिगारेटला शिवत नाहीत. ठाणे स्टेशनला उतरले की पहिली टपरी.

---

औषधवाली

नाना, तुम्ही नकळत व्यसनशास्त्रातला एक गाजलेला अभ्यास सांगितलात. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक. तिथे पुष्कळ जण हेरॉइनला लागले होते. सरकारला वाटलं आता देशभर गर्दुल्ले होणार. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तर तीन वर्षांत व्यसनाकडे पुन्हा वळलेले जेमतेम १२ टक्के. जागा, संगत, ताण सगळंच बदललं होतं. खाडीकाठच्यांच्या माकडाचा दिवा तिकडेच राहिला.

त्यामुळे मामेभावाला माझं सांगणं: डबी घरातून घालवा, रिकामीसुद्धा ठेवू नका. हाताला दुसरा चाळा द्या. पाळी बदलून मिळत असेल तर पहिल्या महिन्यात रात्रपाळी टाळा. तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, मन फारच खचलं असेल तर टेली-मानस १४४१६, दोन्ही फुकट. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. जिल्हा पातळीवर सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रंही असतात. दारू असेल तर एकदम बंद करून घरी बसवू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टर लागतातच.

---

पामबीच_पायी

@खाडीकाठचा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "उंदरालासुद्धा होतं का?" मग स्वतःच कप आणून हातात दिला. पुढच्या भेटीला डॉक्टरांना थकव्याचं वेगळं सांगणार आहे, सीआरपीचे जुने रिपोर्ट काढून ठेवलेत.

---

खाडीकाठचा

@औषधवाली, भावाला लिंक पाठवली. त्याचा एकच प्रश्न आला: निकोटीनची चावायची गोळी (गम) आणली होती, पण घसा जळतो आणि उचकी लागते, म्हणून टाकून दिली. काय चुकलं?

---

औषधवाली

साध्या च्युइंगमसारखी सतत चघळली असणार, सगळे तेच करतात. हळू हळू चावायची, तोंडात झणझणलं की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची. झणझण कमी झाली की पुन्हा थोडी चावायची, जागा बदलायची. एक गोळी अर्धा तास चालते. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटीन तोंडात शोषलंच जात नाही, पोटात जातं आणि उचकी लागते. तंबाखू ओठात धरणाऱ्याला हे जमायला खरं तर सोपं. २ मिलिग्रॅमची घ्यायला सांगा, ४ ची डॉक्टरांना विचारून. आणि रात्रपाळीला चहाच्या आधी गोळी नको, चहा पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने.